ढवळ्या, पवळ्या आणि क्षयजंतूची प्रथिने : जाळे-विश्लेषणाच्या एका भारतीय प्रयोगाची चिकित्सा

सारांश

जनुकांचे व प्रथिनांचे कार्य त्यांच्या परस्परसंबंधांच्या जाळ्यावरून ओळखावे, हा विचार गेल्या पंचवीस वर्षांत जीवशास्त्रात दृढ झाला आहे. भारतात या विचाराचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग क्षयरोगाच्या जंतूवर झाला. 'कनेक्ट टू डीकोड' या उपक्रमातून तयार झालेले प्रथिनजाळे २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या प्रयोगाची तत्त्वे, त्याची आकडेवारी आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष यांची चिकित्सा केली आहे. जाळ्यातील मध्यवर्ती स्थान हे अनेकदा प्रथिनाच्या महत्त्वापेक्षा संशोधकांच्या लक्षाचे माप ठरते, आणि म्हणून जाळे हे प्रश्न विचारण्याचे साधन मानावे, उत्तराचा पुरावा मानू नये, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जनुक, प्रथिन, जाळे-विश्लेषण, क्षयजंतू, केंद्रवर्तीपणा, औषधलक्ष्य.

१. प्रास्ताविक

क्षयरोगाच्या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा जून १९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरांचा हा मजकूर असून त्यात सुमारे चार हजार जनुके आहेत. मजकूर हाती आला. अर्थ मात्र हाती आला नाही. त्यातील फार मोठ्या संख्येच्या जनुकांपुढे 'गृहीत प्रथिन' किंवा 'कार्य अज्ञात' असा शेरा होता. ज्या देशात जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आढळतात, त्या देशाच्या दृष्टीने हा शेरा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहत नाही. २०११-१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील वैद्यांनी, तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले, तेव्हा महाराष्ट्राला या अज्ञानाची किंमत पुन्हा एकदा स्पष्टपणे दिसली.

चार हजार जनुकांपैकी एकेक जनुक घेऊन प्रयोगशाळेत त्याचे कार्य शोधणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. म्हणून जवळचा मार्ग शोधला गेला. एखाद्या प्रथिनाचे कार्य ठाऊक नसले, तरी ते कोणाकोणाच्या संगतीत वावरते हे कळले तर त्याच्या कार्याचा तर्क करता येईल, हा तो मार्ग होय. इंग्रजीत या तत्त्वाला 'गिल्ट बाय असोसिएशन' असे न्यायालयीन वळणाचे नाव आहे. मराठी शेतकऱ्याला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

या म्हणीत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, त्या प्रस्तुत विषयात फार उपयोगी पडतात. वाण ही जन्माने येणारी गोष्ट. गुण ही संगतीने येणारी. जीवशास्त्रातही कार्य ओळखण्याचे नेमके हेच दोन मार्ग आहेत.

२. वाण आणि संगत : कार्य ओळखण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग वाणाचा. नव्या प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम एखाद्या परिचित प्रथिनाच्या क्रमाशी जुळला, तर दोघांचा पूर्वज एक असावा आणि कार्यही सारखे असावे, असे अनुमान केले जाते. जनुकांना नावे देण्याचे बहुतेक काम आजही याच मार्गाने होते. परंतु ज्या प्रथिनाला परिचित भाऊबंदच नाहीत, तिथे हा मार्ग खुंटतो.

दुसरा मार्ग संगतीचा. संगत ओळखण्याच्या अनेक युक्त्या १९९८-९९ च्या सुमारास पुढे आल्या. एखादी दोन जनुके अनेक जिवाणूंच्या गुणसूत्रावर सतत शेजारी-शेजारी आढळत असतील, तर ती एकाच कामात गुंतलेली असण्याचा संभव असतो. एका जीवात स्वतंत्र असलेली दोन प्रथिने दुसऱ्या जीवात एकाच अखंड प्रथिनात जोडलेली दिसली, तर त्यांचा परस्परसंबंध सूचित होतो. दोन जनुके ज्या-ज्या जीवांत असतात तिथे दोन्ही असतात आणि नसतात तिथे दोन्ही नसतात, असा हजेरीपट जुळला, तरीही तेच अनुमान निघते. या युक्त्यांना प्रयोगशाळेची गरज नसते. अनेक जीवांचे जनुकीय आराखडे पुरतात. जनुकांच्या अभिव्यक्तीतील एकत्र चढउतार आणि प्रथिने एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात का हे पाहणाऱ्या प्रयोगपद्धती यांची त्यात भर पडली.

या क्षेत्रात मराठी मातीतील संशोधकांचाही वाटा आहे. नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी राहिलेले आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक झालेले शेखर मांडे यांनी हैदराबाद येथे असताना सहकाऱ्यांसह इ. कोलाय या जिवाणूच्या संपूर्ण जनुकसंचातील कार्यात्मक दुवे अशाच पद्धतींच्या सुधारित रूपाने शोधले आणि प्रयोगांतून मिळालेल्या माहितीशी ताडून पाहिले. हे काम २००७ मध्ये 'जीनोम रिसर्च'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९८७ पासून, पुणे विद्यापीठातील जैवमाहिती केंद्राने या विद्येचे शिक्षण महाराष्ट्रात रुजविण्याचे काम केले होते.

संगतीच्या मार्गाला आरंभी मिळालेले यश उत्साहवर्धक होते. श्विकोव्स्की, उएट्झ आणि फील्ड्स यांनी २००० मध्ये यीस्टच्या १,५४८ प्रथिनांमधील २,३५८ संबंधांचे एक जाळे मांडले. त्यातील ६३ टक्के संबंध समान कार्य असलेल्या प्रथिनांमध्ये होते. ज्यांचे कार्य आधीच ठाऊक होते अशा १,३९३ प्रथिनांवर ही पद्धत पडताळली असता ७२ टक्के वेळा कार्याचा वर्ग बरोबर ओळखता आला. म्हण खरी ठरली असेच वाटावे, असा हा आकडा होता.

३. दुवा म्हणजे नेमके काय?

मात्र येथेच पहिला प्रश्न उपस्थित होतो. पवळ्या ढवळ्याशेजारी खरोखरच बांधलेला होता काय, आणि कोणत्या दाव्याने?

२००० आणि २००१ मध्ये यीस्टच्या प्रथिनांच्या परस्परसंबंधांचे दोन मोठे शोध स्वतंत्रपणे झाले. पद्धत एक, जीव एक. तरीही दोन्ही याद्यांमध्ये समान असलेल्या नोंदी फार थोड्या निघाल्या. २००२ मध्ये फॉन मेरिंग आणि सहकाऱ्यांनी तोवर उपलब्ध असलेल्या सुमारे ८०,००० संबंधांची छाननी केली, तेव्हा त्यांपैकी केवळ सुमारे २,४०० संबंधांना एकाहून अधिक पद्धतींचा दुजोरा असल्याचे आढळले. याचा अर्थ उरलेले सर्व खोटे, असा होत नाही. प्रत्येक पद्धतीची नजर वेगळी असते, हे त्याचे एक कारण आहे. पण जाळ्याच्या चित्रात या सर्व रेषा सारख्याच जाडीने काढल्या जातात आणि पाहणाऱ्याला त्या सारख्याच खऱ्या वाटतात, हा धोका तेव्हाच स्पष्ट झाला होता.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. एका प्रथिनाने दुसऱ्याच्या जनुकाचे नियंत्रण करणे, दोन प्रथिनांनी एकाच संकुलात शेजारी बसणे, एकाने तयार केलेला रेणू दुसऱ्याने वापरणे आणि दोघांची नावे एकाच शोधनिबंधात येणे, हे चार अगदी वेगळे संबंध आहेत. एखाद्या गावातील भाऊबंदकी, सावकारी, शेजार आणि केवळ तोंडओळख या सर्वांना 'संबंध' या एकाच शब्दाने मोजले आणि ज्याचे संबंध सर्वाधिक तो गावचा कारभारी असे ठरविले, तर निष्कर्ष कधी बरोबर येईल, कधी हास्यास्पद ठरेल. जाळ्यातील दुव्यांची केवळ संख्या मोजणाऱ्या प्रत्येक विश्लेषणाला हा आक्षेप लागू पडतो.

४. 'कनेक्ट टू डीकोड' : उपक्रम आणि फलित

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये मुक्त औषधशोधाचा एक प्रकल्प सुरू केला. औषध कंपन्यांना क्षयासारख्या गरिबांच्या रोगात नफा दिसत नाही. तेव्हा माहिती खुली ठेवून सर्वांनी मिळून शोध घ्यावा, ही त्यामागील भूमिका होती. परिषदेचे तत्कालीन महासंचालक समीर ब्रह्मचारी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. याच प्रकल्पाच्या अंतर्गत 'कनेक्ट टू डीकोड' हा उपक्रम राबविला गेला. शेकडो स्वयंसेवकांनी, ज्यांत विद्यार्थ्यांचा मोठा भरणा होता, क्षयजंतूवरील शोधनिबंध वाचून त्यातून प्रथिनांचे परस्परसंबंध टिपले आणि एका समाईक नमुन्यात नोंदविले.

रोहित वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या कामाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात पुढील दावे आहेत. एक, १,४३४ प्रथिने आणि त्यांच्यातील २,५७५ कार्यात्मक संबंध यांचे जाळे, म्हणजे 'इंटरॅक्टोम पाथवे', तयार झाले असून मानवी वाचनातून तयार झालेले क्षयजंतूचे हे पहिले आणि सर्वांत मोठे जाळे आहे. दोन, या प्रक्रियेत जंतूच्या ८७ टक्के जनुकीय आराखड्याला कार्यात्मक टिपणे जोडली गेली. तीन, हे जाळे 'स्ट्रिंग' या सार्वजनिक संग्रहातील जाळ्याशी जोडून मध्यवर्ती प्रथिने शोधण्यात आली आणि १७ संभाव्य औषधलक्ष्ये सुचविण्यात आली. चार, या १७ पैकी पाच लक्ष्यांना प्रयोगांनी आधीच दुजोरा दिलेला आहे, आणि त्यामुळे या पद्धतीची विश्वासार्हता वाढते.

या उपक्रमाचे श्रेय प्रथम नि:संकोचपणे मान्य केले पाहिजे. यंत्राने शब्द शोधून काढलेल्या संबंधांपेक्षा माणसाने निबंध वाचून टिपलेला संबंध अधिक भरवशाचा असतो. नियंत्रण, संकेतवहन, चयापचय आणि संकुलरचना हे संबंधांचे प्रकारही या जाळ्यात वेगळे नोंदविले गेले, म्हणजे मागील विभागातील दुसऱ्या आक्षेपाची जाणीव कर्त्यांना होती. महानगराबाहेरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही क्षयजंतूच्या अभ्यासात सहभागी होता येते, हे या उपक्रमाने प्रत्यक्ष दाखविले. चिकित्सा करावयाची ती या कामावरून काढलेल्या अनुमानांची.

५. आकड्यांची चिकित्सा

प्रथम व्याप्ती पाहू. चार हजार जनुकांपैकी १,४३४ प्रथिने जाळ्यात आहेत, म्हणजे सुमारे ३६ टक्के. टिपणे ८७ टक्क्यांना मिळाली, पण जाळ्यात जागा मिळाली ती जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या अधिक प्रथिनांना. उरलेली जवळजवळ दोन तृतीयांश प्रथिने संगतीविना राहिली. आणि ज्यांचे कार्य अज्ञात, ती प्रथिने याच गटात असण्याची शक्यता सर्वाधिक, कारण ज्याविषयी कोणी लिहिलेले नाही त्याचा संबंध वाचनातून टिपता येत नाही. अज्ञाताचा उलगडा करण्यासाठी निर्माण झालेले साधन ज्ञाताच्या प्रदेशातच सर्वांत दाट असावे, हा या पद्धतीतील अंतर्विरोध आहे. 'स्ट्रिंग'च्या जोडणीने ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. मात्र त्याबरोबर वाचून पडताळलेले दुवे आणि संगणकाने वर्तविलेले दुवे एकाच चित्रात मिसळतात.

आता घनता पाहू. २,५७५ संबंध १,४३४ प्रथिनांमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३.६ दुवे येतात. १,४३४ प्रथिनांच्या संभाव्य जोड्या दहा लाखांहून अधिक होतात; त्यांतील दर चारशे जोड्यांमागे एक दुवा या नकाशात आहे. इतक्या विरळ जाळ्यात एखाद्या प्रथिनाचे दुवे चारावरून आठावर जाण्यास दोन-तीन निबंधांचे वाचन पुरेसे ठरते. अशा स्थितीत मध्यवर्ती स्थानांचा क्रम कितपत स्थिर राहील? काही दुवे यदृच्छेने वगळून किंवा निबंधांचा एक हिस्सा बाजूला ठेवून तोच क्रम पुन्हा मिळतो का, ही या क्रमाची खरी कसोटी होय.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कोल्हापुरात पावसाळा सुरू झाला की प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे शहरातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. पंचगंगेविषयीच्या बातम्यांत राजाराम बंधाऱ्याचे नाव सर्वाधिक वेळा येते, याचे कारण नदीचे सारे मर्म तेथे साठले आहे असे नव्हे. मोजपट्टी तेथे आहे. केवळ बातम्या वाचून कोणी पंचगंगेच्या खोऱ्याचा नकाशा तयार केला, तर त्यात राजाराम बंधारा सर्वांत मध्यवर्ती दिसेल. तो नकाशा नदीचा नसेल, मोजमापाचा असेल.

शोधनिबंधांच्या वाचनातून तयार केलेल्या जाळ्याचेही असेच होते. ज्या प्रथिनावर अधिक संशोधन झाले त्याचे अधिक दुवे नोंदले जातात. अधिक दुवे असल्यामुळे ते मध्यवर्ती दिसते. मध्यवर्ती दिसल्यामुळे त्यावर आणखी संशोधन होते. मानवी प्रथिनांच्या बाबतीत रोलांड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हाच प्रकार दाखवून दिला : वाङ्मयातून गोळा केलेले संबंध बहुचर्चित प्रथिनांभोवती दाटलेले होते, तर सर्व प्रथिनांची सरसकट आणि समान पद्धतीने तपासणी केली असता संबंध बरेच समप्रमाणात विखुरलेले आढळले.

या प्रकाशात '१७ पैकी पाच' हा आकडा पुन्हा वाचला पाहिजे. पाच लक्ष्यांना प्रयोगांचा दुजोरा आधीच होता, म्हणजे त्यांच्यावर आधीच निबंध लिहिले गेले होते. आणि जाळे तयार झाले तेही निबंधांवरूनच. परीक्षेचा पेपर आणि अभ्यासाचे पुस्तक एकच असेल, तर मिळालेल्या गुणांवरून बुद्धीचे माप ठरत नाही. शिवाय २९ टक्के हे प्रमाण कशाच्या तुलनेत मोठे, हेही सांगावे लागते. सासेटी, बॉइड आणि रुबिन यांनी २००३ मध्ये उड्या मारणाऱ्या जनुकांच्या साहाय्याने क्षयजंतूची जनुके एकेक करून निकामी केली आणि योग्य वाढीसाठी आवश्यक अशी ६१४ जनुके शोधली. हे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. म्हणजे डोळे मिटून १७ जनुके उचलली, तरी त्यांतील सरासरी दोन-तीन आवश्यक निघतील. 'आवश्यक जनुक' आणि 'प्रयोगसिद्ध औषधलक्ष्य' या दोन कल्पना एक नाहीत, त्यामुळे ही तुलना ढोबळच आहे. आणि केवळ बहुचर्चित जनुकांमधून निवड केली तर हे पायाभूत प्रमाण आणखी वर जाईल. पण अशी काहीतरी तुलना केल्याशिवाय पाच या संख्येचे मोल ठरत नाही. लेखकांनी 'सिद्ध झाले' असे म्हटलेले नाही, 'विश्वासार्हता वाढते' एवढेच म्हटले आहे, हे त्यांच्या संयमाचे लक्षण आहे. वाढ किती, हा प्रश्न मात्र खुलाच राहिला.

६. मध्यवर्ती म्हणजे मर्मस्थान काय?

सर्व दुवे अचूक आहेत असे क्षणभर मानले, तरी एक प्रश्न उरतो. जाळ्याच्या मध्यभागी असलेले प्रथिन तोडले तर जीव मरतो, हे गृहीतक कुठून आले?

त्याचा उगम बाराबासी आणि सहकाऱ्यांच्या २००१ मधील निबंधात आहे. यीस्टच्या जाळ्यात पाच किंवा त्याहून कमी दुवे असलेल्या प्रथिनांपैकी सुमारे २१ टक्के आवश्यक होती, तर पंधराहून अधिक दुवे असलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के. हा फरक डोळ्यांत भरणारा होता आणि त्यावरून 'मध्य मोडला की जाळे कोसळते' अशी प्रतिमा रूढ झाली. पुढील चिकित्सेत ती टिकली नाही. हे आणि झांग यांनी २००६ मध्ये दाखविले की काही थोडे संबंधच आवश्यक असतात असे मानले, तर ज्याचे दुवे जास्त त्याच्या वाट्याला असा संबंध येण्याची शक्यता आपोआप वाढते. त्यासाठी जाळ्याची रचना कोसळण्याचे कारण मानावे लागत नाही. २००८ मध्ये झोटेन्को आणि सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की मध्यवर्ती प्रथिने आवश्यक असतात ती एखाद्या जीवनावश्यक कामात गुंतलेल्या घट्ट समूहाची घटक असल्यामुळे. सगळे जाळे जोडून ठेवतात म्हणून नव्हे.

येथे राजाराम बंधाऱ्याचेच दुसरे अंग उपयोगी पडते. पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली जातो, त्यावरील वाहतूक बंद होते, आणि माणसे लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे जातात. गैरसोय होते, पण जीवन थांबत नाही, कारण पर्यायी वाट आहे. पर्यायी वाट नसलेल्या एखाद्या आडगावचा छोटा साकव वाहून गेला, तर ते गाव मात्र तुटते. नकाशावर साकव कडेला असतो आणि त्याला दोनच रस्ते मिळतात. औषधाचे लक्ष्य शोधताना किती रस्ते मिळतात याइतकेच, पर्यायी रस्ता आहे की नाही, हे महत्त्वाचे असते. २०२१ मध्ये बॉश आणि सहकाऱ्यांनी क्षयजंतूच्या जनुकांची अभिव्यक्ती टप्प्याटप्प्याने कमी करून पाहिली, तेव्हा आवश्यक जनुकांमध्येही फार मोठे तारतम्य आढळले : काही किंचित घटीनेही जंतूला असह्य होतात, तर काहींची मोठी घटही जंतू सोसतो. 'आवश्यक' आणि 'दुबळे' हे एक नव्हेत, आणि 'मध्यवर्ती' हे त्या दोघांहूनही वेगळे.

७. औषधांचा प्रत्यक्ष इतिहास काय सांगतो?

क्षयावरील नव्या औषधांपैकी बेडाक्विलीनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे वरील निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मान्यता मिळाली. त्याच्या शोधाची वाट नेमकी उलटी होती. आधी जिवंत जिवाणूंवर अनेक रसायने वापरून पाहिली गेली. त्यांतून परिणामकारक रसायन निवडले गेले. मग त्याला दाद न देणारे जिवाणू वाढवून त्यांचा जनुकीय आराखडा वाचला गेला, आणि बदल ऊर्जानिर्मितीच्या एटीपी सिंथेज या यंत्रणेच्या एका घटकात सापडला. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्य शेवटी कळले; जाळ्यावरून आधी निवडले गेले नव्हते.

पुढे याच औषधाविरुद्ध प्रतिकार दिसू लागला तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. बहुतेक प्रतिकारी बदल लक्ष्यात नव्हते. 'आरव्ही ०६७८' या नियंत्रक जनुकात होते. हे जनुक बिघडले की औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाची निर्मिती वाढते, आणि बेडाक्विलीनबरोबर क्लोफाझिमीन हे दुसरे औषधही निष्प्रभ होऊ लागते. आयसोनियाझिडचा जुना अनुभवही असाच आहे. हे औषध १९५२ पासून वापरात आहे. त्याचे प्रमुख लक्ष्य 'इन्हा' हे प्रथिन असले, तरी औषध कार्यक्षम होण्यासाठी जंतूचेच 'कॅटजी' हे विकर लागते. म्हणून प्रतिकार पुष्कळदा लक्ष्यात नव्हे, तर या सहायकात निर्माण होतो. जंतू आपल्याच विकराला मुकतो आणि त्यामुळे वाचतो.

ही उदाहरणे जाळे-विश्लेषणाच्या विरुद्ध आहेत असे वरवर वाटेल; वस्तुत: त्याची योग्य जागा तीच दाखवितात. औषध एका ठिकाणी लागते आणि उत्तर दुसऱ्याच ठिकाणाहून येते, हे समजण्यासाठी संबंधांचाच विचार करावा लागतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक रामन आणि नागसुमा चंद्रा यांनी २००८ मध्येच हा प्रश्न क्षयजंतूच्या जाळ्याला विचारला होता : औषधाच्या लक्ष्यापासून प्रतिकाराशी निगडित प्रथिनांपर्यंत पोहोचणाऱ्या वाटा कोणत्या, आणि त्या वाटांवरील कोणते प्रथिन लक्ष्याबरोबरच रोखावे? 'सर्वांत मध्यवर्ती कोण?' या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अधिक फलदायी आहे, कारण त्यात जीवशास्त्रीय आशय आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगाने खोटे ठरविता येते.

८. महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने

कसबा बावड्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात क्षयजंतू वाढविण्याची सुरक्षित प्रयोगशाळा उभारणे सहजशक्य नाही. 'स्ट्रिंग' आणि 'सायटोस्केप' ही साधने मात्र विनामूल्य उपलब्ध आहेत. या सोयीतून एक ठरावीक साचा निर्माण झाला आहे : सार्वजनिक संग्रहातून जनुकांची यादी घ्यावी, 'स्ट्रिंग'मध्ये घालावी, जाळे काढावे, सर्वाधिक दुव्यांची दहा जनुके निवडावीत आणि त्यांना संभाव्य लक्ष्ये म्हणावे. रोग कोणताही असो, साचा तोच. गिलिस आणि पाव्हलिडिस यांनी २०१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, जाळ्यातील कार्यविषयक माहिती बहुधा फार थोड्या दुव्यांत एकवटलेली असते आणि त्यावरून उरलेल्या जाळ्याविषयी सामान्य विधान करता येत नाही. शिवाय अनेक कामांत गुंतलेली जनुके कोणत्याही प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे येत राहतात. प्रत्येक लग्नात दिसणारा पाहुणा प्रत्येकाचा जवळचा नातलग असतोच असे नाही.

तरीही प्रयोगशाळेविना करता येण्याजोगे प्रामाणिक काम पुष्कळ आहे. एखाद्या ठरावीक वर्षापर्यंतचेच निबंध घेऊन जाळे तयार करावे, त्यावरून भाकीत करावे आणि नंतरच्या वर्षांतील प्रयोगांशी ते ताडून पाहावे. मध्यवर्ती स्थानाची तुलना त्या प्रथिनावरील निबंधांच्या संख्येशी करावी. केवळ निबंधसंख्येवरून तितकेच अचूक भाकीत होत असेल, तर जाळ्याने नवे काही सांगितले नाही, हे मान्य करावे. दुव्यांचे प्रकार वेगळे ठेवून मोजावेत. आणि ज्या दुव्यावर निष्कर्ष उभा आहे, तो ज्या निबंधातून आला तो निबंध मुळातून वाचावा. 'कनेक्ट टू डीकोड'मधील विद्यार्थ्यांनी नेमके हेच शेवटचे काम केले होते, आणि त्या उपक्रमाचा सर्वांत टिकाऊ वारसा १७ नावांच्या यादीपेक्षा तोच आहे.

९. निष्कर्ष

जाळे-विश्लेषणाने जीवशास्त्राला एक मोलाची दृष्टी दिली : प्रथिनाचे कार्य त्याच्या एकट्याच्या अंगी नसते, ते त्याच्या संबंधांत घडते. ही दृष्टी योग्य आहे. पण संबंधांची नोंद, संबंधांचे महत्त्व आणि संबंध तोडण्याचा परिणाम या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून तिसरीवर उडी घेता येत नाही. क्षयजंतूच्या भारतीय जाळ्याने पहिली गोष्ट मोठ्या कष्टाने साधली. दुसरीविषयी सूचना केल्या. तिसरीचा निर्णय प्रयोगशाळेकडे आणि रुग्णालयाकडेच राहिला.

म्हणीतील शेतकरी ढवळ्या-पवळ्याला रोज पाहत होता. दावे त्यानेच बांधले होते, आणि गुण लागला की नाही हे नांगराला जुंपल्यावर त्याला कळत होते. जाळ्याच्या अभ्यासकाला दावे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदावरून कळते, आणि नांगर बहुधा त्याच्या हाती नसतो. म्हणून त्याने अनुमान अवश्य करावे. मात्र 'गुण लागला' असे म्हणण्यापूर्वी कोणीतरी नांगर धरेपर्यंत थांबावे. बेडाक्विलीनलाही जंतू दाद देईनासा होत असलेल्या काळात हा संयम ही केवळ पद्धतीची शिस्त राहत नाही. चुकीच्या लक्ष्यामागे गेलेली वर्षे अखेर रुग्णाच्याच आयुष्यातून वजा होतात.